ट्रॅव्हल ट्रेलर ओढायला पिकअप घेताना: पेलोडबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिका आणि कॅनडात राहणारी बरीच मराठी कुटुंबं हल्ली हॉटेलांऐवजी राहायची सोय असलेला ट्रेलर घेऊन राष्ट्रीय उद्यानं फिरतात. ट्रेलर पसंत पडतो, मग ट्रक शोधायला सुरुवात होते, आणि विक्रेता एकच आकडा पुढे करतो: हा ट्रक किती ओढतो. बहुतेक कुटुंबांचं गणित चुकतं ते ह्याच ठिकाणी. इथली सगळी वजनं पौंडांत दिली आहेत, कारण तिथल्या स्टिकरांवर आणि काट्यावर पौंडच दिसतात. १०० पौंड म्हणजे सुमारे ४५ किलो.

ब्रोशरमध्ये ११,००० पौंड ओढतो असं लिहिलंय. आमचा ट्रेलर भरून ६,८०० पौंडांचा. मग अडचण काय?

बैल किती ओढतो हे एक, आणि त्याच्या मानेवर किती ओझं पडतं हे दुसरं. ट्रेलरचं बहुतेक वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर असतं. पण पुढचा काही भार, साधारण १० ते १५ टक्के, हिचच्या (ट्रक आणि ट्रेलर जोडणाऱ्या सांध्याच्या) गोळ्यावरून थेट ट्रकच्या पाठीवर येतो. त्याला टंग वेट म्हणतात. हा भार ट्रकच्या दृष्टीने सामानच असतो, आणि तो पेलोडमधून, म्हणजे ट्रक स्वतःच्या अंगावर जेवढी माणसं-सामान वाहू शकतो त्या वजनातून, वजा होतो. हाफ-टन वर्गातल्या ट्रकांची (एफ-१५०, सिल्व्हराडो १५००, रॅम १५००, टुंड्रा) ओढण्याची ताकद क्वचितच कमी पडते. आधी संपतो तो पेलोड.

पेलोडचा खरा आकडा कुठे मिळेल?

ड्रायव्हरचा दरवाजा उघडा. दाराच्या चौकटीवर पिवळ्या-पांढऱ्या रंगाचं टायर आणि भाराचं स्टिकर असतं. त्यावर इंग्रजीत अशा अर्थाचं वाक्य असतं की प्रवासी आणि सामान मिळून वजन अमुक किलो अथवा अमुक पौंडांपेक्षा कधीही जास्त होऊ नये. तुमच्या ट्रकसाठी तोच आकडा. ब्रोशरमधला 'कमाल पेलोड' हा सहसा सगळ्यात हलक्या केबिनच्या, कमीत कमी सोयींच्या ट्रकचा असतो. तसा ट्रक डीलरच्या आवारात बहुधा उभाच नसतो.

ह्या आकड्यात पूर्ण भरलेली इंधनाची टाकी आधीच धरलेली असते. ड्रायव्हर मात्र धरलेला नसतो, त्याचंही वजन तुम्हालाच वजा करायचं आहे.

शेजारी दुसरं एक स्टिकर असतं. त्यावर जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे भरलेल्या ट्रकचं कमाल वजन, आणि पुढच्या-मागच्या प्रत्येक धुऱ्याची मर्यादा दिलेली असते. दोन्ही स्टिकरांचा फोटो काढा. फोनवर विक्रेत्याशी बोलत असाल तर 'पेलोड किती' असं विचारू नका, तो ब्रोशर उघडेल. 'ह्याच गाडीच्या दाराचा फोटो पाठवा' म्हणा.

गणित मांडून दाखवाल का?

समजा दारावर १,४८० पौंड आहेत. हाफ-टन, चार दरवाजे, चारचाकी ड्राइव्ह आणि मधल्या ट्रिममध्ये (सोयींच्या मधल्या पातळीत) हा अगदी नेहमी दिसणारा आकडा आहे.

आई १४०, बाबा १८०, मुलं ९० आणि ६०: झाले ४७०.
वजन वाटणारा हिच (ट्रेलरचा भार सगळ्या धुऱ्यांवर वाटून देणारा), त्याचा दांडा आणि गोळा: ९०.
मागच्या हौद्यात बर्फपेटी, लाकडं, छोटा जनरेटर, हौद्याचं झाकण: २००.
ट्रेलर भरून ६,८००, त्याचे १३ टक्के: ८८४.

बेरीज १,६४४. म्हणजे १६४ पौंड जास्त. ओढण्याची क्षमता ४,००० पौंडांहून अधिक शिल्लक असताना पेलोड मात्र संपून गेला.

उलटं गणित करणं जास्त उपयोगाचं. १,४८० मधून माणसं, हिच आणि हौद्यातलं सामान (७६०) वजा केलं की उरतात ७२०. त्याला ०.१३ ने भागा: साधारण ५,५००. भरलेल्या ट्रेलरचं तुमच्यासाठीचं वजन एवढंच. ब्रोशरमधल्या आकड्याच्या जेमतेम अर्धं.

मग ब्रोशरवाले खोटं लिहितात का?

नाही. एसएई ह्या अभियंत्यांच्या संस्थेचं जे२८०७ नावाचं मानक आहे, मोठ्या कंपन्या त्यानुसार चाचणी घेतात. त्यात चढावर वेग टिकवणं, थांब्यापासून वेग घेणं, ब्रेक लावून थांबणं, डोलणं असं बरंच काही तपासतात. चढाच्या चाचणीचा नमुना म्हणजे ॲरिझोनातला डेव्हिस डॅमजवळचा लांबलचक घाट, तोही कडक उन्हात आणि एसी पूर्ण चालू ठेवून. चाचणी कडकच आहे. पण ट्रकमध्ये माणसं धरतात फक्त दोन, प्रत्येकी १५० पौंडांची. हिचचं सामान ७० पौंडांपर्यंत, आणि टंग वेट ट्रेलरच्या १० टक्के.

वरच्याच ट्रकवर हे लावून पाहा: ११,००० चे १० टक्के १,१००, त्यात ३०० आणि ७० मिळवा, झाले १,४७०. दारावरच्या १,४८० मध्ये बसलं! मुलं नाहीत, सामान नाही, हौदा रिकामा. कागदावर बरोबर असलेला आकडा चौघांच्या कुटुंबाला असा निरुपयोगी ठरतो.

ट्रेलरचं कोणतं वजन धरायचं? त्याच्या कागदावर तीन-चार आकडे आहेत.

रिकामं वजन, ज्याला विक्रेते ड्राय वेट म्हणतात, ते विसरा. कोणीही रिकामा ट्रेलर घेऊन सहलीला जात नाही. त्या वजनात पाणी नसतं, तुमची भांडीकुंडी नसतात, बरेचदा बॅटरीही नसते. त्यासोबत छापलेलं हिच वेटही तितकंच फसवं असतं, कारण गॅसच्या टाक्या आणि बॅटरी बसतात ते नेमकं ट्रेलरच्या पुढच्या दांडीवर. २० पौंडी प्रोपेनच्या दोन भरलेल्या टाक्या म्हणजे जवळपास ७५ पौंड. बॅटरी आणखी ५० च्या आसपास.

पाण्याचा भार लोक विसरतात. एक गॅलन पाणी म्हणजे ८.३४ पौंड, त्यामुळे ४० गॅलनची टाकी भरली की ३३४ पौंड वाढले. शिवाय गाद्या, अंथरूण-पांघरूण, कुकर, तवा, तांदूळ-डाळीच्या पिशव्या, खुर्च्या, पाण्याचे आणि मैलापाण्याचे पाइप, ठोकळे. चौघांच्या संसाराला १,००० पौंड सहज लागतात.

खरेदीच्या आधी तुमच्याकडे खरं वजन नसतं. अशा वेळी ट्रेलरचं कमाल वजन (त्याचा जीव्हीडब्ल्यूआर) घ्या आणि त्याचे १३ टक्के काढा. ७,२०० चा ट्रेलर असेल तर ९३६. हे थोडं सावध गणित आहे, पण चुकलं तरी चांगल्या बाजूला चुकतं.

सामान मागे सरकवून टंग वेट ८ टक्क्यांवर आणलं तर पेलोड वाचेल ना?

वाचेल, आणि ट्रेलर डोलायला लागेल. हे करू नका.

मागे ओझं जास्त झालं की बैलगाडी उलाळ होते. ट्रेलरचंही तेच. वजन धुऱ्यांच्या मागे गेलं की शेपूट जड होते. मग वारा, शेजारून जाणारा मोठा ट्रक किंवा उतार एवढं निमित्त पुरतं: शेपूट डाव्या-उजव्या बाजूला झोके घेते आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. १० टक्क्यांच्या खाली जायचंच नाही. १२ ते १४ मध्ये बहुतेक ट्रॅव्हल ट्रेलर शांत चालतात.

पाण्याची टाकी कुठे आहे तेही बघून ठेवा. धुऱ्याच्या पुढे असेल तर भरल्यावर टंग वेट वाढतं, मागे असेल तर घटतं. सायकलींचा रॅक मागच्या बंपरवर लावण्याने तोच धोका होतो, कारण धुऱ्यापासून तेवढ्या लांबचे १०० पौंड पुढचा भार चांगलाच उचलून धरतात.

डोलायला सुरुवात झालीच तर ट्रकचा ब्रेक जोरात दाबू नका आणि वेगही वाढवू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, ब्रेक कंट्रोलरच्या (ट्रकमधून ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या उपकरणाच्या) हाताने दाबायच्या बटणाने फक्त ट्रेलरचे ब्रेक हलके लावा.

वजन वाटणारा हिच लावला की पेलोड वाढतो, असं डीलर म्हणाला.

वाढत नाही. तरीही तो हिच हवाच, का ते सांगतो.

गोळा मागच्या धुऱ्याच्याही मागे असतो, त्यामुळे तिथे पडणारा भार तरफेसारखा काम करतो. ट्रकचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या धुऱ्यांमधलं अंतर) १४५ इंच आणि मागच्या धुऱ्यापासून गोळ्यापर्यंत ६५ इंच धरा. गोळ्यावर ८८४ पौंड पडले की मागच्या धुऱ्यावर वाढतात १,२८०, आणि पुढचा धुरा सुमारे ३९६ पौंडांनी हलका होतो. पुढचं टोक वर, हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर, स्टिअरिंग पोकळ. वजन वाटणाऱ्या हिचच्या स्प्रिंगच्या दांड्या हा भार उचलून थोडा पुढच्या धुऱ्यावर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर परत ढकलतात.

ट्रेलरकडे परत जाणारा भाग लहान असतो. तो १०० पौंड धरला तरी वरच्या उदाहरणातला ट्रक मर्यादेच्या ६४ पौंड वरच राहतो. आणि हिचचं स्वतःचं वजन पेलोडमधूनच गेलेलं असतं!

बसवताना मोजपट्टी घ्या. सपाट जागेवर पुढच्या चाकाच्या कमानीची जमिनीपासूनची उंची तीनदा मोजा: ट्रेलर न जोडता, जोडून पण दांड्या न लावता, दांड्या लावून. पहिली ३६ इंच, दुसरी ३७.५ आली, आणि ट्रकच्या पुस्तकात निम्मी उंची परत आणा असं लिहिलं असेल, तर तिसरी ३६.७५ यायला हवी. प्रत्येक कंपनीचं प्रमाण वेगळं, म्हणून पुस्तक वाचा. जास्त आवळलं की मागची चाकं हलकी होतात आणि ओल्या रस्त्यावर घसरतात.

एअरबॅग किंवा जाड टायर टाकून पेलोड वाढेल?

नाही. एअरबॅगने (मागच्या स्प्रिंगना टेकू देणाऱ्या हवेच्या पिशव्यांनी) मागचं टोक वर येतं, धुरा, ब्रेक आणि चौकट तीच राहते. दारावरचं स्टिकर बदलत नाही. ई दर्जाचे एलटी (हलक्या ट्रकांसाठीचे, जास्त भार घेणारे) टायर लावले तर टायरच्या भिंती कमी लचकतात, ट्रक कमी झुलतो, हा खरा फायदा आहे. पण ते टायर बरेचदा जड असतात, त्यामुळे पेलोड उलट थोडा घटतो.

रिसीव्हरवरही एक स्टिकर आहे, त्याचं काय?

नक्की वाचा, आणि गुडघे टेकून वाचा, ते खाली असतं. रिसीव्हर म्हणजे ट्रकच्या मागची, हिच अडकवायची चौकोनी नळी. बऱ्याच हाफ-टन ट्रकांवर दोन ओळी सापडतात: साध्या गोळ्यावर ५,००० पौंड ट्रेलर आणि ५०० टंग, आणि वजन वाटणारा हिच लावल्यावर त्याहून बरंच जास्त. ६,८०० चा ट्रेलर साध्या गोळ्यावर ओढणं अशा ट्रकला चालत नाही, मग तो कितीही ताकदवान असो. दारावरचं पेलोड, मागच्या धुऱ्याची मर्यादा, रिसीव्हर, ट्रक-ट्रेलर मिळून असलेली मर्यादा म्हणजे जीसीडब्ल्यूआर, आणि टायर, ह्यांपैकी जी आधी संपेल ती तुमची मर्यादा.

एकाच मॉडेलच्या दोन ट्रकांत ५०० पौंडांचा फरक कसा?

स्टिकरचा आकडा म्हणजे कमाल वजनातून त्याच ट्रकचं कारखान्यातून निघतानाचं वजन वजा करून उरलेली बाकी. काचेचं मोठं छप्पर, थंड-गरम होणाऱ्या विजेच्या सीट, २० किंवा २२ इंची चाकं, आपोआप बाहेर येणारी पायरी, चारचाकी ड्राइव्ह, हायब्रिड बॅटरी: प्रत्येक गोष्ट पेलोड खाते. सगळ्यात महागड्या ट्रिममध्ये १,२०० ते १,३०० पौंड सापडतात, आणि त्याच आवारातला कामकरी, कापडी सीटचा ट्रक १,९०० दाखवतो. ट्रेलरवाल्याने चामड्याच्या सीटवर भुलू नये, हे आमचं स्पष्ट मत.

काही ट्रकांना जास्त पेलोडचं पॅकेज कारखान्यातूनच मिळतं. २०२३ पर्यंतच्या एफ-१५० मध्ये योग्य केबिन, इंजिन आणि हे पॅकेज जुळलं तर दारावर ३,००० च्या वरचा आकडा दिसू शकायचा. असे ट्रक आवारात फार दिसत नसत, मागवावे लागत. टोइंग पॅकेज वेगळं. त्याने कूलर, वायरिंग, कधी धुऱ्याचं गुणोत्तर बदलतं आणि ओढण्याचा आकडा वाढतो. पेलोड वाढेलच असं नाही.

डीलरने विक्रीपूर्वी काही जोडलं असेल आणि ते १०० पौंडांच्या (किंवा कमाल वजनाच्या दीड टक्क्याच्या, जे कमी असेल त्याच्या) वर असेल, तर अमेरिकन नियमानुसार स्टिकर दुरुस्त करावं लागतं. नंतर तुम्ही लावलेलं झाकण, पायऱ्या, पत्र्याची पेटी स्टिकरला माहीत नसतं.

हाफ-टन पुरेल की सरळ थ्री-क्वार्टर टन घ्यावा?

आधी नावांबद्दल. हाफ-टन म्हणजे अर्धा टन माल, ही जुन्या काळातली गोष्ट. आपल्याकडे 'छोटा हत्ती' म्हटलं की त्यावरून वजन कळत नाही, तसंच हे नुसतं नाव उरलं आहे.

भरून ५,५०० पर्यंतचा ट्रेलर आणि चार माणसं असतील तर नीट निवडलेला हाफ-टन आरामात चालतो. ५,५०० ते ७,५०० हा झगड्याचा पट्टा आहे. १,८०० च्या वरचं स्टिकर शोधा, हौदा हलका ठेवा. त्यापुढे थ्री-क्वार्टर टन, म्हणजे एफ-२५० किंवा २५०० वर्गाकडे वळावं. त्यांचे ब्रेक, धुरा, चौकट मोठी असते. वाऱ्यात ट्रेलरने ट्रकला हलवण्याऐवजी ट्रक ट्रेलरला धरून ठेवतो.

इथे एक खड्डा आहे. अनेक थ्री-क्वार्टर टन ट्रकांचं कमाल वजन मुद्दाम १०,००० पौंडांवर ठेवलेलं असतं, कारण १०,००१ पासून व्यापारी वाहनांचे केंद्रीय नियम सुरू होतात आणि काही राज्यांत नोंदणीही महागते. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा कित्येक शे पौंडांनी जड असतं. कमाल वजन तेच आणि ट्रक जड, म्हणून डिझेलचा, वरच्या ट्रिमचा २५०० कधीकधी २,००० च्या आसपासच पेलोड दाखवतो. ट्रॅव्हल ट्रेलरसाठी ह्या वर्गात पेट्रोल इंजिन अनेकदा शहाणपणाचं ठरतं. डिझेल हवंच असेल तर ३५०० चं (त्याहून एक पायरी वरच्या वर्गाचं), एकेरी मागच्या चाकांचं मॉडेल बघा. फिफ्थ व्हीलसाठी (ट्रकच्या हौद्यातच जोडल्या जाणाऱ्या मोठ्या ट्रेलरसाठी) तर तेच, कारण त्यात सुमारे २० टक्के भार हौद्यावर येतो: १२,००० चा ट्रेलर म्हणजे २,४०० पौंड.

उन्हाळ्यात आई-बाबा भारतातून येतात. सहा जण असतील तर?

दोन ज्येष्ठ म्हणजे आणखी ३०० पौंड, आणि त्यांच्या बॅगा. वरच्या उदाहरणात बॅगा न धरताही ट्रेलरची मर्यादा ५,५०० वरून ३,२०० च्या आसपास येते. अशा घराने सुरुवातीलाच २५०० वर्ग धरावा, किंवा त्या सहलींना दुसरी गाडी सोबत न्यावी. पुढच्या रांगेत मधली सीट असलेला ट्रक लागेल हेही आधी ठरवा, कारण अनेक वरच्या ट्रिममध्ये तिथे पेटी असते आणि पाचच जण बसतात.

काट्यावर वजन कसं करायचं?

हायवेवरच्या मोठ्या ट्रक थांब्यांवर कॅट स्केलचे काटे असतात. त्यावर एकामागे एक स्वतंत्र फलाट असतात: पुढची चाकं पहिल्यावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची तिसऱ्यावर. बटण दाबून खासगी गाडी असल्याचं सांगा, पावती आत काउंटरवर किंवा फोनच्या ॲपवर मिळते. लगेचच्या फेरवजनाला कमी पैसे लागतात.

सहलीला निघताना असतं तसं सगळं भरा, सगळ्यांना गाडीतच बसू द्या. तीन वजनं घ्या: हिचच्या स्प्रिंगच्या दांड्या लावून, दांड्या काढून, आणि ट्रेलर बाजूला सोडून नुसता ट्रक.

समजा नुसता ट्रक ६,३३०. दांड्या न लावता ट्रकचे दोन धुरे मिळून ७,२१४, ट्रेलरचे ५,९१६. टंग वेट म्हणजे ७,२१४ वजा ६,३३०, म्हणजे ८८४. ट्रेलरचं पूर्ण वजन ८८४ अधिक ५,९१६, म्हणजे ६,८००. टक्केवारी १३. दांड्या लावलेल्या पावतीवरचे धुऱ्यांचे आकडे दारावरच्या मर्यादांशी ताडून बघा.

थोडं जास्त झालं तर लगेच काही मोडतं का?

लगेच नाही, म्हणूनच लोक फसतात. मागचे टायर तापतात, ब्रेक लावल्यावर थांबायला जास्त अंतर लागतं, बेअरिंग लवकर जातात. हे एकदम जाणवतं ते उतारावर किंवा अचानक थांबताना, सुधारायला वेळ नसतो तेव्हा. निघण्याआधी मागच्या टायरांची हवा थंड असताना स्टिकरनुसार भरा. ट्रेलरच्या टायरांची गतिमर्यादा बघा, बरेच एसटी (खास ट्रेलरसाठीचे) टायर ताशी ६५ मैलांचे असतात. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना मर्यादाच ५५ आहे.

उंचावर ताकद कमी पडते का?

टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं. कोलोरॅडोत आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे, तिथे तिसरा हिस्सा गेलेला असतो. टर्बोला हा त्रास बराच कमी. पण चढावर हळू जाणं ही निव्वळ गैरसोय. जपायचं ते उतरताना: टो-हॉल मोड (ओझं ओढतानाची गिअरची खास सोय) चालू ठेवा, माथ्यावरच खालचा गिअर घ्या, ब्रेक सतत टेकवून ठेवू नका.

इलेक्ट्रिक पिकअप?

ओढतो जोरात. पण उभ्या भिंतीसारखा ट्रेलर मागे असला की पल्ला निम्म्यावर येतो, आणि अनेक चार्जिंग जागांवर ट्रेलर सोडल्याशिवाय गाडी लावता येत नाही. बॅटरी जड असल्याने स्टिकर इथे दुप्पट लक्ष देऊन वाचा.

जुना ट्रक घेतोय, दारावरचं स्टिकर निघालंय.

कमाल वजनाचं दुसरं स्टिकर असेल तर टाकी पूर्ण भरून, ड्रायव्हरला उतरवून ट्रक काट्यावर घाला आणि ते वजन कमाल वजनातून वजा करा. ही बाकी मूळ स्टिकरपेक्षा खरी, कारण आधीच्या मालकाने लावलेल्या सगळ्या वस्तू तीत आल्या. दार बदललेलं वाटलं किंवा दोन्ही स्टिकरं गायब असतील तर अपघाताचा इतिहास आधी तपासा.

ट्रक आधी की ट्रेलर आधी?

ट्रेलरचा आराखडा आधी ठरवा, पैसे देऊ नका. त्याच्या कमाल वजनाचे १३ टक्के, माणसं, हिच, हौद्यातलं सामान आणि वर २०० पौंड मोकळे, ही बेरीज चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. आवारात गेल्यावर आधी दार उघडून स्टिकर वाचा, किंमत त्यानंतर विचारा.